बोकडाच्या जठरातले तपकिरी ठिपके

अँटिबॉडीची कुपी आमच्या प्रयोगशाळेत आली तेव्हा मी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. तळाशी पाण्याचा एक थेंब असावा, एवढंच दिसलं. ज्या थर्माकोलच्या डब्यातून ती आली तो मात्र शाळेच्या दप्तराएवढा होता, आणि त्यात बर्फाच्या पिशव्या कोंबलेल्या.

"सांभाळून," मॅडम म्हणाल्या. "एवढाच थेंब आहे. दुसरी कुपी या वर्षी मिळणार नाही."

मॅडम म्हणजे माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. यवतमाळच्या ज्या कॉलेजात मी संशोधन करते तिथे त्या प्राणिशास्त्र शिकवतात. मी बाभुळगावहून रोज बसने येते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. शाळेत विज्ञानाच्या कपाटाला कुलूप असायचं. वर्षातून एकदा सर ते उघडायचे, मायक्रोस्कोप बाहेर काढून पुसायचे, आम्हाला रांगेनं दाखवायचे आणि परत ठेवून द्यायचे. त्यांच्यावर माझा काही राग नाही. बिघडला असता तर दुसरा कुठून आणला असता त्यांनी? उलट दहावीनंतर तेच सर घरी आले आणि चहा पिता पिता बाबांना म्हणाले, "हिला सायन्सला घाला. ही फार प्रश्न विचारते." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं शिफारसपत्र.

पीएच.डी.चा प्रश्नही मी असाच कुठून तरी उचलला होता. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत रान सुकलं की बकऱ्या बाभळीच्या शेंगा खातात, भिंतीवरचे निवडणुकीचे कागद खातात, एकदा तर एकीनं माझ्या बहिणीची ओढणी अर्धी खाल्ली होती. तेव्हापासून मला वाटायचं, या दिवसांत हिच्या पोटात नेमकं काय होत असेल? पुढे शिकताना कळलं की जठरात घ्रेलिन नावाचं एक हार्मोन तयार होतं. ते रक्तातून मेंदूकडे जातं आणि भूक लागल्याचं सांगतं. मग चाऱ्याच्या टंचाईत बकऱ्यांच्या जठरातल्या या पेशी वाढतात का? हा प्रश्न मी मॅडमपुढे मांडला तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हा तुझा स्वतःचा आहे?" मी हो म्हटलं. त्या दिवशी मी बसमध्ये उभी राहून घरी गेले आणि उभी होते हे घर आल्यावर लक्षात आलं.

तर ती कुपी. घ्रेलिन साध्या डोळ्यांनी दिसत नाही, मायक्रोस्कोपखालीही दिसत नाही. ते शोधायला अँटिबॉडी लागते. लग्नाच्या पंगतीत पाचशे पानं बसलेली असली तरी आपल्या माहेरचा माणूस बरोबर हुडकून त्याच्याशेजारी जाऊन बसणारी एखादी आत्या असते, तसं अँटिबॉडीचं काम. जठराचा केसाहून पातळ काप काचेच्या पट्टीवर चिकटवायचा, त्यावर ती टाकायची, आणि ती घ्रेलिन असेल तिथेच जाऊन चिकटते. मग तिच्यावर रंग चढवायचा. घ्रेलिनच्या पेशी तपकिरी, बाकी सगळं निळसर. ऐकायला सोपं आहे. मलाही ऐकताना सोपंच वाटलं होतं.

जठर मात्र बाजारातूनच आणावं लागणार होतं. मॅडमच्या ओळखीनं एका मटणवाल्यांशी गाठ पडली. साठीचे गृहस्थ, पांढऱ्या मिशा, बोलणं मोठ्यानं. मी पहिल्याच दिवशी त्यांना मामा म्हटलं आणि त्यांनी ते लगेच मान्य केलं.

"कायले पायजे तुले वजडी?" त्यांनी विचारलं.

"सगळी वजडी नाही मामा, पोटाचा फक्त चौथा कप्पा. भूक कुठून लागते ते शोधायचं हाये."

"मंग बोकडाच्या पोटात कायले पायतं? रविवारी माह्या दुकानापुढं येऊन उभी राह्य. भुकेची रांगच लागते तिथं."

गिऱ्हाईकं हसली. मीही हसले. मग मी त्यांना नीट समजावून सांगितलं की बकरीवर्गाच्या पोटाला चार कप्पे असतात, त्यातला शेवटचा आपल्या जठरासारखा, मला तेवढाच हवा, आणि ताजा हवा. "ताजा" हा शब्द मी तीनदा तरी उच्चारला असेन.

मॅडमनी बजावलं होतं की बोकड कापताना तू स्वतः समोर उभी राहा. पण कापण्याची वेळ सकाळी सहाची, आणि माझी बस साडेसातला पोहोचायची. शिवाय मामाच म्हणाले, "तू कायले येतं त्या रक्ता-घानीत? मी काढून ठेवतो ना. बर्फात ठेवतो. तू फक्त डबा घेऊन जाजो." मला खरं तर सुटल्यासारखंच झालं. मॅडमनी विचारलं, "समोर उभी असतेस ना?" तेव्हा मी म्हटलं, "हो मॅडम, अगदी ताजं असतं." उत्तर प्रश्नाचं नव्हतं, पण त्यांना ते जाणवलं नाही.

दर मंगळवारी स्टीलचा डबा तयार असायचा. खाली-वर बर्फ, मध्ये जठर. आणि काय स्वच्छ! मी आमच्या घरी सणाला वजडी आलेली पाहिली आहे, तिचा वास आणि तिची घाण मला ठाऊक आहे. मामांचं जठर मात्र धुतल्या तांदळासारखं. मनात म्हणायचे, माणूस किती काळजीनं काम करतो. मी ते कुजू नये म्हणून फॉर्मलीनमध्ये टाकायचे आणि वहीत लिहायचे: तारीख, वेळ, वजन, रंग फिकट पिवळा.

पहिल्या वेळी स्लाइड निळ्याच्या निळ्या राहिल्या. तपकिरी ठिपका एकही नाही. मॅडम म्हणाल्या, पहिल्यांदा असंच होतं. दुसऱ्या वेळी मी अँटिबॉडीचं प्रमाण वाढवलं. पुन्हा सगळं निळं. शिवाय प्रत्येक कापाची वरची कड फाटलेली दिसायची, जणू कुणी ओरबाडलंय.

"तुझा हात अजून बसलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "काप काढताना कड फाटतेय."

मी पंधरा दिवस नुसते काप काढायचा सराव केला. मेणाच्या ठोकळ्यातून पातळ फिती काढायच्या, कोमट पाण्यावर पसरायच्या, काचेवर उचलायच्या. हात इतका बसला की आई पोळ्या लाटताना म्हणायची, तू नको लाटू, तू फारच पातळ लाटतं. तिसऱ्या वेळी काप सुरेख आले, पण वरची कड तशीच ओरबाडलेली, आणि रंग निळाच.

आता शंका कुपीवर आली. कदाचित वाटेत उन्हानं अँटिबॉडी मेली असेल. मॅडमनी नागपूरच्या ओळखीच्या प्रयोगशाळेतून उंदराच्या जठराच्या दोन स्लाइड मागवल्या. खरं म्हणजे ही तपासणी आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवी होती. त्यावर मी तीच अँटिबॉडी टाकली, आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपात तपकिरी पेशी अशा दिसल्या की लहान मूलही सांगेल. कुपी जिवंत होती. उंदरात चालत होती, बोकडात चालत नव्हती.

मॅडमनी दोन्ही प्रकारच्या स्लाइड पुन्हा एकदा पाहिल्या. मग म्हणाल्या, "मग बोकडाचं घ्रेलिन ही अँटिबॉडी ओळखत नसावी. असं असतं कधी कधी. किती उरलंय?"

"एका वेळेपुरतं. आठ स्लाइड होतील."

"पंधरा दिवसांनी संशोधन समितीची बैठक आहे. दाखवायला काही नसेल तर ते विषय बदलायला सांगतील. शेजारच्या विभागातल्या सरांकडे बोंडअळीवरचा विषय तयार आहे. ते तुला घ्यायला राजी आहेत."

बोंडअळीशी माझं काही वैर नव्हतं. कापसाच्या शेतात वाढलेल्या माणसाला ती घरच्यासारखीच. पण तो प्रश्न माझा नव्हता. तयार विषयाच्या मागे मी चालत राहिले असते, पदवीही मिळाली असती, आणि बकऱ्यांच्या पोटात उन्हाळ्यात काय होतं ते कुणालाच कळलं नसतं. मी हो म्हणून मान हलवली आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं.

घरी आईला सांगितलं तेव्हा तिनं विषयाबद्दल काही विचारलं नाही. तिला समजण्यासारखं एवढंच होतं की आता मटणवाल्यांकडून काही घ्यायचं नाही.

"त्या मानसानं दर मंगळवारी फुकट देल्लं तुले?"

"फुकट. पैसे घेतच नव्हते."

"मंग नुसतं फोन करून सांगशीन का, आता नको म्हनून? जाऊन सांग. अन् रिकाम्या हातानं जाऊ नोको."

शेतात तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. आईनं पिशवीभर तोडून दिल्या. मंगळवारी मी पहिली बस पकडली, म्हणजे त्यांनी माझा डबा भरण्याआधी सांगता येईल. दुकानात मामा दिसले नाहीत. त्यांचं घर दुकानाच्या मागच्या बोळात. तिथे मी आजवर कधी गेले नव्हते. दार उघडंच होतं.

आत मोरीपाशी मामी बसल्या होत्या. त्यांना मी दोन-तीनदाच ओझरतं पाहिलं होतं. पुढ्यात गरम पाण्याची बादली, बाजूला चुन्याची वाटी, हळद-मिठाची थाळी. फरशीवर जठराचा चौथा कप्पा उघडून पसरलेला, आणि मामी सुरीच्या पाठीनं त्याची आतली बाजू खरवडत होत्या. मनापासून खरवडत होत्या. आतली लिबलिबीत साल पाण्याबरोबर मोरीत वाहत चालली होती. शेजारी माझा स्टीलचा डबा, बर्फ घालून तयार.

"अवं माय, आज एवढ्या लवकर?" मामी म्हणाल्या. "बस, बस. तुहाच डबा भरून राह्यली."

मी शेंगांची पिशवी दारातच ठेवली. "मामी, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"काय म्हंजे? धुवून राह्यली."

"दर वेळी असंच धुता?"

"मंग? तशीच देऊ? कॉलेजात नेतं तू. तुही मॅडम काय म्हनन, खाटकाच्या बायकोले वजडी धुता येत नाई? दोन पान्यानं धुतो, चुना लावतो, खरवडतो, मंग हळद-मीठ. घरच्या पाहुन्यालेबी एवढं कोनी करत नाई."

मी मोरीजवळ खालीच बसले. घ्रेलिनच्या पेशी जठराच्या आतल्या अस्तरात असतात. फक्त तिथेच. मामी दर मंगळवारी माझा सगळा विषय खरवडून मोरीत सोडत होत्या, आणि उरलेलं स्नायूचं कातडं मी बर्फातून नेत होते, फॉर्मलीनमध्ये टाकत होते, महिना महिना त्याचे पातळ काप काढत होते. ती ओरबाडलेली कड माझ्या हाताची नव्हती, त्या सुरीची होती. आणि "रंग फिकट पिवळा" ही हळद होती.

मला आधी रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू. असं आलं की थांबेचना. मामी घाबरल्या. तेवढ्यात मामा आले.

"काय झालं वं हिले?"

"मामा, मले हेच पायजे होतं," मी मोरीकडे बोट दाखवलं. "हे जे वाहून चाललं ना, तेच. माही भूक याच्यातच हाये."

मामांनी एकदा मोरीकडे आणि एकदा मामींकडे पाहिलं. "मी म्हनलो होतो इले, पोट्टीले जसं हाये तसं दे."

"कवा म्हनले तुमी?" मामी सुरी खाली ठेवून म्हणाल्या. "तुमी म्हनले, ताजं दे. ताजं म्हंजे बिना धुतलं व्हय? अन् तू वं, एवढी पुस्तकं शिकली, तुले एक दिवस येऊन सांगता आलं नाई, मामी, धुऊ नोका म्हनून?"

मामींचं बरोबर होतं. सकाळी सहाला एकदा जरी समोर उभी राहिले असते तर हे पहिल्याच मंगळवारी कळलं असतं. मी तसं कबूल केलं. मामींचा राग तेवढ्यानं गेला, पण त्यांना वाईट वाटत राहिलं. त्या मोरीतल्या पाण्याकडे बघून म्हणाल्या, "माह्या हातानं तुहं नुकसान झालं, बाई." मी त्यांचे चुन्यानं पांढरे झालेले हात धरले. एवढ्या मायेनं माझं काम त्याआधी कुणी बिघडवलं नव्हतं.

त्या दिवशी शेंगा तिथेच उकडल्या आणि आम्ही तिघांनी दारात बसून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्वतः समोर उभी राहायचं ठरलं.

मॅडमना सांगणं जास्त अवघड होतं, कारण माझं ते "हो" सांगावं लागणार होतं. मी सगळं सांगितलं, आधी खोटं, मग मोरी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझी वही मागितली, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "रंग फिकट पिवळा. पाच वेळा लिहिलंस. आणि मी पाच वेळा सही केली." त्या खुर्चीत मागे रेलून इतक्या हसल्या की शेजारच्या विभागातले सर डोकावून गेले. हसणं संपल्यावर मात्र म्हणाल्या, "यापुढे मी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यायचं." मी कान पकडले.

मैत्रिणीच्या होस्टेलवर मुक्काम करून मी सकाळी सहाला मामांच्या मागे उभी होते. त्यांनी चौथा कप्पा कापून माझ्या हातात दिला. गरम होता, आतून चिकट, गुलाबी, घड्याघड्यांचा, आणि वासाचा काही विचारू नका. मामी दारातून पाहत होत्या, आणि त्यांना ते पाहवत नव्हतं.

"निदान एक पानी तरी टाकू दे," त्या म्हणाल्या.

"साध्या पान्याचा एक थेंबबी नाही, मामी."

मी नुसत्या मिठाच्या थंड पाण्यातून तो हळूच बुडवून काढला आणि तिथेच उभ्या उभ्या फॉर्मलीनच्या बरणीत सोडला. पुढचे दिवस मी मोजूनच काढले. मेणाचा ठोकळा, काप, स्लाइड. या वेळी कड सलग होती. गुळगुळीत, उंच अस्तर, जिथल्या तिथे. मग कुपीतला उरलेला थेंब काढला. आठ स्लाइडवर तो पुरवला आणि रिकामी कुपी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंग चढवला. एक स्लाइड अशीही असते जिच्यावर मुद्दाम अँटिबॉडी टाकत नाहीत. तीही तपकिरी झाली तर सगळंच खोटं. मॅडम म्हणाल्या, ती आधी बघ. मी पाहिली. निळी, पूर्ण निळी. मग पहिली खरी स्लाइड ठेवली. मायक्रोस्कोपाचं चाक फिरवलं. चित्र आधी धूसरच दिसलं, मग हळूहळू जागेवर आलं. जठरातल्या ग्रंथी पेरणीच्या तासांसारख्या एका ओळीत उभ्या होत्या. आणि सोयाबीनच्या शेतात मधे मधे तूर उभी असावी तशा, त्या निळ्या ओळींच्या तळाशी, तपकिरी पेशी. एक, दोन, इकडे तीन.

"मॅडम," एवढंच म्हटलं.

त्यांनी मला जवळजवळ ढकलूनच डोळा लावला. "अगं," त्या म्हणाल्या, "अगं, ओळखते की ही बोकडाला!" मग उठून शेजारच्या विभागाकडे गेल्या. तिथून त्यांचा आवाज मला ऐकू आला. "सर, तुमची बोंडअळी दुसऱ्या कुणाला द्या."

समितीनं त्या आठ स्लाइड पाहिल्या आणि नव्या कुपीची मागणी पुढे पाठवली. त्या आनंदात मी मामा-मामींना कॉलेजात बोलावलं. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते मायक्रोस्कोपात बघून म्हणाले, "काही दिसून नाई राह्यलं." दोन्ही डोळे मिटूनच बघत होते. मामींनी मात्र एक डोळा बरोबर लावला आणि बराच वेळ हलल्याच नाहीत.

"हे लाल लाल भुकेचं हाये?"

"तपकिरी. हो, तेच."

"मंग हे बोकड उपाशी होतं का खाऊन होतं?"

ते माझ्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मामी म्हणाल्या, "बाजारातून आनलेलं बोकड दोन दिवस उपाशी असते. गाडीत बांधून आनतात, चारा कोन टाकते? अन् गावातून आनलेलं असते ना, ते सकायी घरचं खाऊन येते. हे कोन्तं?"

मॅडमनी माझी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. पुढच्या मंगळवारपासून मी बरणीवर चिठ्ठी लावायला लागले. तारखेखाली मामी सांगतील तसं एक शब्द लिहिते, "बाजारचं" किंवा "गावचं", आणि मगच झाकण लावते.